काढणीतला फोटो

होळी होऊन आठ-दहा दिवस झाले की आमच्या भोसरीच्या खोलीत कांदा येतो. पिशवीतून येतो तो वेगळा. हा वाऱ्यावरून येतो. चाकणच्या बाजारात भरलेले ट्रक नाशिक रस्त्यानं पुण्याकडे निघतात, आमच्या दारासमोरच्या खड्ड्यात एक गचका खातात आणि सालपटांचा लोट आमच्या अंगणात सोडून पुढं जातात. लालसर, कागदाहून पातळ सालपटं. दिवसातून तीनदा झाडली तरी उंबऱ्याशी पुन्हा जमतात. बायको झाडू आपटत म्हणते, "अहो, तुमच्या गावची मंडळी आली बघा." मी पहिल्या पाळीहून नुकताच आलेला असतो, पायांतले बूट काढायचंही त्राण नसतं. तरी मी हसतो. खरं तर हसत नाही, तोंड तसं करतो. चाळिशी आल्यावर आणि तीन पाळ्यांत पंधरा-सोळा वर्षं गेल्यावर माणसाला एवढंच जमतं.

त्या वासानं माझी पाठ दुखायला लागते. ज्या हंगामाची ती आठवण आहे, त्या हंगामात माझी पाठ दुखायचं काही कारणच नव्हतं. वाकले ते सगळे दुसरे. मी उभा होतो. माझ्या हातात कॅमेरा होता.

आपल्याकडे कांदाही काढतात आणि फोटोही काढतात. शब्द एकच आहे, म्हणून मी त्याचा आडोसा घेतला. कंपनीतला दोस्त विचारायचा, "काय दत्तूभाऊ, सुट्टीत गावी गेला होता, काय केलं?" मी म्हणायचो, "काढणी चालू आहे ना." तो बिचारा हळहळायचा. आमच्या आबांना मात्र हा शब्दांचा खेळ मान्य नव्हता. ते म्हणायचे, "काढायचंच हाय तर कांदं काढ की. त्ये तरी चाकणात कुनी घेतंय."

कॅमेरा कंपनीतूनच आला. म्हणजे चोरून नव्हे. आमच्या स्टोअरमध्ये केरळकडचे एक गृहस्थ होते. ते नोकरी सोडून गावी निघाले तेव्हा सामान हलकं करत होते. स्टोव्ह एकानं घेतला, खाट दुसऱ्यानं घेतली आणि कुणालाच नको असलेला एक काळा डबा मी घेतला. डब्याला पुढं एक डोळा, वर एक भिंग आणि मागं एक बारकी लाल काच. त्या लाल काचेत रिळावरचा आकडा दिसायचा, एकपासून बारापर्यंत. बारा झाले की रीळ संपलं. डबा छातीशी धरायचा, मान खाली घालून वरच्या भिंगात डोकवायचं, श्वास रोखायचा आणि खटका दाबायचा. त्या भिंगात डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे दिसायचं. बैल एका बाजूला चालायचा, मी डबा दुसऱ्या बाजूला फिरवायचो, आणि बैल शांतपणे फोटोतून निघून जायचा.

पहिल्या रिळात बारा फोटो निघाले आणि त्यांत मिळून चार डोकी. आई हंडा घेऊन विहिरीवरून येताना काढलेल्या फोटोत आई मानेपर्यंतच होती. वर हंडा नव्हता आणि हंडा ज्यावर होता ते डोकंही नव्हतं. आईनं तो फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "लुगडं वळखू येतंय. म्हंजी मीच." आबांना मी बैलाचा कासरा धरून उभं केलं होतं. बैल शिंगांसकट आला, आबांचा फक्त हात आला. आबा म्हणाले, "बैल झ्याक आलाय. त्याला दे एक."

आमच्या कंपनीची सुट्टी गुरुवारी असायची. गुरुवारी सकाळी भोसरीला एसटीत बसायचं, चाकणला उतरायचं, आणि तिथून चार मैल चालत किंवा कुणाच्या बैलगाडीत पाय लोंबकळत आमच्या गावी जायचं. गावाला गुरुवार आणि बुधवार यांतला फरक ठाऊक नव्हता. त्यात काढणीचे दिवस. कांदा तयार झाला की त्याची पात मानेत मोडते आणि आडवी होते. आमच्याकडे म्हणतात, माना पडल्या. एका सकाळी बघावं तर सगळं वावर माना टाकून निजलेलं. मला तर वाटायचं, रात्रपाळी करून आलेले सगळे एका शेतात झोपलेत.

त्या वर्षी माना लवकर पडल्या आणि सगळ्या एकदम पडल्या. गावातली निम्मी पोरं माझ्यासारखी पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांत लागलेली. मजूर मिळेना. घरात आबा, आई आणि यमू. यमू माझी धाकटी बहीण, तेव्हा अठराची. आबा कांदा उपटत पुढं जायचे. मागं आई आणि यमू उकिडव्या बसून विळ्यानं पात कापायच्या, कांद्याला बोटभर मान ठेवून. मान फार छाटली तर कांदा सडतो, फार ठेवली तर बाजारात नाव ठेवतात. कापलेला कांदा ढिगावर, ढिगावर पातीचं पांघरूण. मग निवड. मोठा वेगळा, मध्यम वेगळा, बारकी गोल्टी वेगळी. हे उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. त्याच्या आधी भाकरी थापायच्या आणि नंतर धारा काढायच्या, पाणी भरायचं, पुन्हा भाकरी. कंपनीतल्या दमण्याला भोंगा असतो. तो वाजला की कुणाच्या बापाची हिंमत नाही तुम्हाला थांबवून घ्यायची. वावरात भोंगा वाजत नाही. कांदा संपेपर्यंत पाळी संपत नाही.

पहिल्या गुरुवारी मी प्रामाणिकपणे राबलो. दुपारपर्यंत. दुपारी भाकरी खाताना मला एक शोध लागला. हातात कॅमेरा असला की हातात विळा घ्यावा लागत नाही. तेव्हापासून माझ्यातला कलावंत जोमानं वाढला.

डब्याला दहा फुटांच्या आतलं धड दिसत नसे. त्यामुळे मी सारखा मागं मागं चालायचो. डोळे भिंगात आणि टाचा देवाच्या भरवशावर. एकदा पाण्याच्या पाटात बसलो. एकदा निवडून ठेवलेल्या कांद्याच्या ढिगावर उताणा पडलो आणि दोन तासांचं काम दोन क्षणांत पुन्हा एकत्र केलं. आबांनी कंबरेवर हात ठेवून विचारलं, "दत्त्या, कंपनी पगार देऊन मागं चालायला शिकवती व्हय रं?"

त्यानंतर यमूच मला वाट दाखवायची. तिची मान खाली, विळा चालू, पात कापल्याचा खस् खस् आवाज, आणि मधूनच, "दादा, मागं पाट हाय." "दादा, डाव्या अंगाला ढीग." एकदाही वर न बघता. मी भिंगातून तिच्याकडेच बघत असायचो, पण ती कशी आहे हे मला दिसत नव्हतं. ती माझ्याकडे बघतही नव्हती, तरी मी कुठं पडणार आहे हे तिला ठाऊक असायचं. हे आत्ता लिहिताना सुचतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं की पोरगी फोटोसाठी मान वर करत नाही, हट्टी आहे.

अशा ऐन काढणीत मामा आला. आईचा धाकटा भाऊ, सोयरिकी जुळवण्यात मुरलेला. यमूसाठी त्यानं भीमेकाठचं एक स्थळ आणलं होतं. बागायती घर, मुलगा मॅट्रिक झालेला, माणसं सरळ. आबांनी हातातली माती झटकली. मामा म्हणाला, "पर त्यांचं येक म्हननं हाय. पोरीचा फोटू धाडा, मग बघायला येतू."

शहरात ज्याला कांदेपोहे म्हणतात, त्याच्या आधीची ही पायरी आमच्या गावात नवी होती. आईनं विचारलं, "फोटू कुटं काढायचा? चाकणला जावं लागंल." एक अख्खा दिवस काढणी सोडून चाकणला जायचं, म्हणजे आबांच्या कपाळावर आठी. तेवढ्यात मी बोललो. आयुष्यात ज्या ज्या वेळी गप्प बसायला हवं होतं, त्या सगळ्या वेळा माझ्या पाठ आहेत. ही त्यांतली पहिली. मी म्हणालो, "घरात फोटोग्राफर असताना स्टुडिओ कशाला?"

मग आई म्हणाली, "डोस्कं तेवढं घे रं बाबा."

पुढच्या गुरुवारी दुपार उतरताना मी यमूला हाक मारली. ती वावरातून उठली, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि आईचं ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून आली. पायांची माती तशीच राहिली, कारण फोटोत पाय येणार नव्हते. पण या खेपेला डोकं चुकवायचं नाही, या धास्तीनं मी इतका मागं गेलो की डोकंही आलं आणि मातीनं भरलेले पायही आले.

उन्हाकडे पाठ करून फोटो काढायचा, एवढं एक शास्त्र मला माहीत होतं. म्हणजे ऊन यमूच्या तोंडावर. मी तिला कांद्याच्या ढिगाशेजारी उभं केलं. "थांब हं. हलू नको." मग माझं सुरू झालं. लाल काचेतला आकडा उन्हात दिसेना. मी हाताचा आडोसा केला. आकडा पुढं सरकला की नाही याची खात्री वाटेना. पुन्हा बघितलं. मध्येच कुत्रं आडवं गेलं. "हलू नको. हनुवटी वर घे. थोडी उजवीकडे. तुझ्या नाही, माझ्या. हलू नको म्हटलं ना." यमू हलली नाही. हात दोन्ही बाजूंना सोडून ती तशीच उभी राहिली, आणि मी भिंगात बघितलं तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"अगं, पूस की. कांदा गेला डोळ्यात."

तिनं मनगटानं पुसलं. मी पुन्हा मान खाली घातली. पुन्हा पाणी.

आई ढिगाआडून म्हणाली, "हाताला कांदा हाय तुज्या, डोळ्याला लावू नगं."

मी म्हणालो, "जरा दात तरी काढ."

यमूनं दात काढले. त्यानं तर सगळंच बिघडलं. ओठांवर हसू आणि डोळ्यांत पाणी. मी तीन फोटो काढले आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. डोकं तिन्हींत आलं होतं. तिला म्हणालो, "झालं. जा." ती तरी क्षणभर तशीच उभी होती. मग लुगडं बदलून विळा घेऊन बसली.

रीळ धुवायला मी चाकणला रज्जाकभाईंकडे द्यायचो. बाजाराच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. आत एक रंगवलेला पडदा, पडद्यावर राजवाड्याचा जिना आणि जिन्याच्या पायथ्याशी तळं, तळ्यात दोन हंस. आसपासच्या सगळ्या गावांतली लग्नाची मुलगी आयुष्यात एकदा त्या जिन्यावर उभी राहायची. रज्जाकभाईंनी माझे तिन्ही फोटो काउंटरवर मांडले आणि चष्मा वर केला.

"दत्तूभाऊ, एक बोलू? राग नका मानू."

"बोला की."

"ही पोरगी रडतेय."

"कांदा हो, रज्जाकभाई. काढणी चालू आहे."

"मी चाकणात जन्मलो, राव. कांद्याचं पाणी मला नका सांगू. कांद्याचं पाणी आलं की माणूस नाक ओढतो, तोंड वाकडं करतो. हिचं तोंड बघा, सरळ आहे. पाणी आलंय आणि नुसतं उभं राहिलंय."

"मग ऊन असेल."

"उनात माणूस डोळे बारीक करतो. हिनं उघडे ठेवलेत." त्यांनी तिन्ही फोटो माझ्याकडे सरकवले. "घेऊन या तिला. मी काढतो एक. जिन्यावर उभी करू. तुमचा फोटो वाईट नाही. पण हा फोटो सोयऱ्याला पाठवायचा नाही. हा घरात ठेवायचा."

मला त्या जिन्याचा राग होता. हंसांचा तर फारच. शिवाय माझ्या बारा-चौदा रिळांच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच पूर्ण माणूस आला होता. मी तिन्हींतला त्यातल्या त्यात कोरडा फोटो निवडला आणि मामाच्या हाती दिला.

पंधरा दिवसांनी मामा आला तो बसलाच नाही. दारातच उभा राहिला. त्या दिवशीही गुरुवारच होता. माझ्या सगळ्या फजित्या सुट्टीच्या दिवशी होतात, कंपनीत त्यांना वेळ मिळत नाही. मामानं खिशातून पाकीट काढलं.

"फोटू परत दिलाय त्येंनी."

"का?" आबांनी विचारलं.

"म्हनत्यात, पोरीच्या मनात न्हाई. जबरीनं हुबी केल्यावानी दिसती. कुनाच्या पोरीला रडवून घरात आनायचं पाप आमाला नगं."

आई म्हणाली, "आरं, कांदा व्हता त्यो."

"मी बोललो की, आक्का. त्ये म्हनलं, कांदा आमच्यात बी पिकतो."

भीमेकाठच्या माणसांना कांदा काय सांगायचा. कांदेपोह्यांची वेळ यायच्या आधीच कांद्यानं घात केला, असा विनोद मी पुढं कंपनीत बऱ्याच जणांना सांगितला आणि तो दरवेळी चालला. त्या दिवशी मात्र मी भिंतीला टेकून उभा होतो आणि भिंत मागं सरकली तर बरं होईल असं मला वाटत होतं. आबांनी फोटो पाकिटातून काढला, हातभर लांब धरून बघितला आणि माझ्या हातात दिला. "दत्त्या, ह्ये तुजं पीक. तूच ठिव."

यमू तेव्हा मागं कांदा साठवायच्या चाळीत बसून गोल्टी निवडत होती. तिला कुणी बोलावलं नाही, कुणी सांगितलं नाही, आणि तिचाच फोटो तिला दाखवावा हे तर घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मामा चहा न घेता गेला, त्यावरून तिला समजलं असेल ते समजलं. संध्याकाळी तिनं नेहमीसारखी भाकरी वाढली. मला एक जास्तच वाढली.

पुढं दोन वर्षं तिचं कुठं जमेना. दोन वर्षांनी आबांनी कोणाचं न ऐकता तिला गाडीत घालून चाकणला नेलं. रज्जाकभाईंनी तिला जिन्यावर उभं केलं, हातात कागदी फुलं दिली, आणि महिन्यात लग्न ठरलं. दिघीचं घर. लष्कराच्या तारेला लागून शेत. नवरा भोसरीत एका कंपनीत पाळीवर. पुढं माझंही लग्न झालं, मी खोली घेतली तीही भोसरीलाच. त्यामुळे यमू माझ्या कायम नजरेसमोर राहिली. तिचं वाईट झालं असं म्हणता येत नाही. नवरा बोलायला तुसडा, पण हात उगारणारा नाही. दोन मुलं, तीन म्हशी, अंथरुणाला खिळलेली सासू, आणि नवऱ्याची पाळी कुठलीही असो, शेत तिच्याकडे. ती आमच्याकडे यायची ती निघायच्या घाईतच यायची. उंबऱ्यावर टेकायची. मी तिच्या केसांतला पांढरा केस बघायचो आणि माझ्या त्या काळ्या डब्याच्या नावावर मांडायचो. खोकला आला, डब्याच्या नावावर. बांगड्या ढिल्या झाल्या, डब्याच्या नावावर. वाटायचं, त्या दिवशी मी गप्प बसलो असतो तर ती भीमेकाठी सुखात असती.

हे नुसतं वाटण्यावर राहिलं असतं तरी चाललं असतं. पण चारेक वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या खात्यात वसंतराव म्हणून एक फिटर आले. कँटीनमध्ये डबा उघडताना गाव विचारलं, घर विचारलं, आणि मी हातातला घास पुन्हा डब्यात ठेवला. तेच भीमेकाठचं स्थळ, तोच मुलगा. मी कोण हे त्यांनाही समजलं. मला वाटलं, आता हा माणूस टोमणा मारणार. त्यांनी त्यांच्या डब्यातली अर्धी भाजी माझ्या झाकणात वाढली आणि म्हणाले, "फोटो आमच्या आईनं परत पाठवला, दत्तूभाऊ. मी दोन दिवस खिशात ठेवला होता."

भला माणूस. हेच तर वाईट झालं. व्यसनी निघाला असता, बायकोला मारणारा निघाला असता, तर मी निवांत झोपलो असतो. पण हा कुणाची आई आजारी असली तर त्याची पाळी स्वतः काढणारा. यमूच्या जागी असतो तर मीच त्याच्याशी लग्न केलं असतं.

तो फोटो माझ्याकडे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आहे. त्याच्यावर पंधरा वर्षांचे दुसरे फोटो साठलेत. बायको नवी नवरी असताना, थोरला पाळण्यात, धाकटी शाळेच्या पहिल्या दिवशी, आबा जायच्या आदल्या वर्षी खाटेवर. खटका नीट चालत होता तोवर मी काढत राहिलो. परवा सगळे पसरून बसलो होतो तर ध्यानात आलं, या एवढ्या फोटोंत कुणीच दमलेलं नाही. "काढतो हं" म्हटलं की माणूस पदर सारखा करतो, पोट आत घेतो, मान ताठ करतो, आणि अंगातला शिणवटा घाईघाईनं मागं लपवतो. खटका वाजला की पुन्हा बाहेर काढतो. आमच्या घराचे फोटो बघून कुणाला वाटेल, ही माणसं काही कामधंदा करत नव्हती. तेवढा एक फोटो सोडून.

गेल्या गुरुवारी यमू आली. दिघीची काढणी उरकत आलीय. पिशवीभर गोल्टी घेऊन आली आणि सवयीनं उंबऱ्यावर बसून निवडायलाच लागली. बायको रेशनच्या रांगेत गेली होती, मुलं शाळेत. रस्त्यावरून कांद्याचा ट्रक गेला, गचका खाल्ला, सालपटं आत आली. मी बिस्किटांचा डबा आणला आणि पंधरा वर्षं जे केलं नव्हतं ते केलं.

"यमू, एक दाखवू?"

"आता काय काढलंस?"

मी फोटो तिच्या हातात दिला. तिनं तो आबांसारखाच लांब धरला.

"ही कोन रं?" मग फोटो जरा जवळ आला. "मी व्हय? केवढी बारीक व्हते." आणि मग, "आन् पाय बघ की. मातीचं पाय. ह्योच धाडला व्हतास त्येंना?"

"व्हय."

ती हसायला लागली. हसता हसता खोकला लागला, खोकता खोकता डोळ्यांना पदर लावला, तरी हसतच होती. मी थांबलो. मग विचारलं, कारण तेव्हा नाही तर कधीच विचारलं नसतं.

"यमू, खरं सांग. रडत होतीस? तुझ्या मनात नव्हतं?"

"मनात?" मी काहीतरी भलतीच वस्तू मागितल्यासारखं तिनं बघितलं. "मला कुनी इचारलं व्हतं का? मनात काय आसायला."

"मग कांदाच ना?"

"दादा, म्हैनाभर पात कापल्यावर कांद्यानं पानी येतंय व्हय? डोळं मरत्यात कांद्याला. तू कापली न्हाईस, तुला काय म्हाईत."

हे बरोबर होतं. मी फोटो काढत होतो.

"मग?"

तिनं एक गोल्टी उचलली, अंगठ्यानं तिचं सालपट काढलं, आणि सालपट वाऱ्यावर सोडलं.

"तू म्हनलास, थांब. हलू नगं."

"व्हय."

"म्हून थांबले. त्या आख्ख्या म्हैन्यात पैल्यांदा थांबले. थांबल्यावं कळलं, किती दमलेय ती. हात रिकामं, पाय जागंला. तुजं त्ये आकडं बघायचं काय सपंना. मला वाटलं, न्हाई सपलं तर बरं."

रस्त्यावरून अजून एक ट्रक गेला. मी सालपटांकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी त्या पाण्याचा हिशोब लावत होतो. कांदा, ऊन, नशीब, माझी अक्कल. रज्जाकभाईंना पाणी उभं राहिलेलं दिसलं होतं. ते का उभं राहिलं हे त्यांनाही सांगता आलं नसतं, कारण ती स्वतःच पहिल्यांदा उभी राहिली होती.

तरी माझी खोड जात नाही. मी म्हणालो, "स्थळ चांगलं होतं गं. आमच्याच कंपनीत आहे तो माणूस. फार भला आहे."

"आसंल की," यमू म्हणाली. "पर तितं काय कांदं न्हवतं?"

मग तिनं फोटो पदरानं पुसून माझ्याकडे दिला, गुडघ्यांवर हात टेकले आणि उठायला लागली. "चल, च्या टाकते. वैनी यायला उशीर हाय. तुला काय येत न्हाई."

"थांब," मी म्हणालो.

ती अर्धवट उठलेली तशीच राहिली.

"बस खाली. हलू नको."

तिनं माझ्या हातांकडे बघितलं. हातात काही नव्हतं. कॅमेरा आत ट्रंकेत होता, खटका अडकून दोन वर्षं झाली होती.

"आता काय काढतूयास?"

"काही नाही. चहा ठेवतो मी."

स्टोव्ह पेटवायला चार काड्या लागल्या. साखरेचा डबा सापडला तो मिठाचा निघाला, मग साखरेचा सापडला. दूध किती घालायचं हे आठवेना, म्हणून सगळं घातलं. मध्येच वाकून बाहेर बघितलं. यमू उंबऱ्यावर चौकटीला पाठ टेकून बसली होती. गोल्टीची पिशवी बाजूला, दोन्ही हात मांडीवर उताणे, डोळे मिटलेले की उघडे ते इथून दिसत नव्हतं. बघत राहिलो तेवढ्यात मागं फस्स् झालं, चहा उतू गेला, स्टोव्ह विझला आणि करपल्या दुधाचा वास सगळ्या खोलीत पसरला. बाहेरही गेला असणार.

यमू उठली नाही.